जिथे हातचा लागत नाही

दिवाळीच्या सुट्टीत भाची राहायला आली होती. मांडीवर फराळाची ताटली, एका हातात चकली आणि दुसऱ्या हाताचं बोट माझ्या लॅपटॉपवर. शाळेतल्या कुणा मैत्रिणीने तिला सांगितलं होतं की एक हा आकडा नऊ वेळा लिहायचा आणि तयार झालेल्या संख्येला तिनेच गुणायचं. उत्तर म्हणे एकापासून चढत चढत नवापर्यंत जातं आणि तसंच उतरत पुन्हा एकावर येतं. तिने संगणकावरच्या तक्त्यात ते मांडलं, एन्टर दाबलं, आणि मला हाक मारली. पडद्यावर उत्तर होतं १२३४५६७८९८७६५४३००. "मावशी, शेवटी बिघडलंच की गं. दोन आणि एक यायला हवे होते ना? ती काहीही सांगते." एवढं बोलून तिने ताटलीतली उरलेली शेव तोंडात टाकली आणि खाली खेळायला पळाली. मी मात्र त्या दोन शून्यांकडे बघत बसले. रात्री भांडी आवरतानाही ती दोन शून्यं डोळ्यांसमोरून हलेनात.

एक गुणिले एक, एकच. मग शेवटी शून्य कुठून येणार?

संगणकाचं म्हणणं मला ठाऊक नव्हतं असं नाही. तक्त्यातल्या संख्या तो एका ठराविक मापाच्या जागेत साठवतो. त्या जागेत ९००७१९९२५४७४०९९२, म्हणजे दोनाचा त्रेपन्नावा घात, इथपर्यंतच्या प्रत्येक पूर्ण संख्येला स्वतःचं घर मिळतं. त्यापुढे मात्र एकाआड एकच घर असतं, समसंख्यांपुरतं. आमची सतरा आकडी संख्या ही सीमा ओलांडून थोडीशीच पुढे गेलेली, आणि विषम. तिला तिथे घरच नाही. वर तक्ता दाखवताना पंधराच आकडे दाखवतो आणि पुढच्या जागी शून्यं भरून मोकळा होतो. हे सगळं समजत असूनही मला वाईट वाटत राहिलं. ती पोरगी एक खरी गोष्ट खोटी समजून खेळायला गेली होती, आणि खोटं ठरवणारा पुरावा यंत्राने दिलेला होता. यंत्राशी वाद कोण घालणार, तेही बाराव्या वर्षी?

माझ्या वडिलांनी घातला असता. अण्णा पतपेढीत कारकून होते. मार्च महिन्यात कीर्द-खतावणीची बाडं घरी यायची, शाईचा आणि जुन्या कापडी पुठ्ठ्याचा वास सबंध खोलीला लागायचा. अण्णा उभ्या रकान्यावरून पेन्सिलीचं टोक खाली सरकवत नेत, ओठ हलत असत, मधूनच "हातचे चार" असं पुटपुटणं ऐकू येई. बेरीज झाली की ती खरी मानायची पद्धत आमच्या घरात नव्हती. आधी ताळा. नवाचा ताळा त्यांनी मला पाढ्यांच्या आधी शिकवला असावा. मला तो नेमका कधी आला ते आठवत नाही, पावकी-निमकीसारखाच तो अंगात मुरलेला आहे. संख्येतले आकडे मिळवायचे, नऊ जमले की टाकून द्यायचे, उरेल तो शेष. गुणाकार बरोबर असेल तर दोन्हीकडचे शेष जुळतात. त्या रात्री मी पडद्यावरच्या उत्तराचा ताळा पाहिला. नऊ वेळा एक, बेरीज नऊ, शेष शून्य. म्हणजे उत्तराचा शेषही शून्यच यायला हवा. पडद्यावरच्या आकड्यांची बेरीज भरली ७८, शेष सहा. ताळा जुळत नव्हता. शेवटी २१ लिहिले की बेरीज होते ८१, आणि ताळा चोख.

मग कागद घेतला. चौकटीचा, भाचीच्याच वहीतला. १११११११११ ला १११११११११ ने गुणायचं म्हणजे गुणाकार असा काही करावाच लागत नाही. तीच ओळ नऊ वेळा लिहायची, दर वेळी एक घर डावीकडे सरकवून. नऊ ओळींची तिरकी रास कागदावर तयार होते आणि मग उभ्या रकान्यांची बेरीज घ्यायची. उजवीकडून पहिल्या रकान्यात एकच एक. दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन. मधल्या, नवव्या रकान्यात वरपासून खालपर्यंत सगळ्या ओळी हजर, नऊ एक. तिथून पुढे वरच्या ओळी संपत जातात. आठ, सात, सहा, शेवटी पुन्हा एकटा एक. मी पेन्सिल खाली सरकवत गेले आणि मधल्या रकान्याशी थांबले, कारण तेव्हा ध्यानात आलं की ओठ हललेलेच नाहीत. पुटपुटण्यासारखं काही नव्हतं. सतरा रकान्यांची बेरीज, आणि एकदाही हातचा लागला नाही.

या संख्येचं सारं रूप त्यात आहे. प्रत्येक रकाना आपल्यापुरतं मोजतो आणि जे मोजलं तेच खाली लिहितो. शेजारच्याला काही द्यायचं नाही, त्याच्याकडून काही घ्यायचं नाही. मधला रकाना नवापर्यंत भरतो. दशमान पद्धतीत एका घरात याहून जास्त मावत नाही, आणि तो नेमका तिथेच थांबतो. म्हणून बेरीज कशी झाली याचा हिशेब उत्तरात जसाच्या तसा दिसतो. बहुतेक मोठ्या संख्यांकडे पाहून त्या कुठून आल्या ते कळत नाही, सगळे हातचे एकमेकांत मिसळून गेलेले असतात. ही संख्या मात्र आपली घडण उघडी ठेवून उभी आहे.

१२३४५६७८९८७६५४३२१. मोठी म्हणजे किती मोठी, हे मला लिहूनही नीट जाणवेना. भास्कराचार्यांनी लीलावतीत स्थानांची जी नावं दिली आहेत, एक-दश-शत-सहस्रापासून परार्धापर्यंत, त्यात अठरावं स्थान परार्धाचं. आमच्या संख्येचा पहिला एक सतराव्या स्थानावर, परार्धाच्या एकच पायरी अलीकडे. तेही पुरेना, तेव्हा मी तिचे सेकंद केले. इतके सेकंद म्हणजे सुमारे ३९ कोटी वर्षं. आपला सह्याद्री ज्या काळ्या दगडाचा आहे तो लाव्हा वाहून थिजला त्याला साडेसहा कोटी वर्षं झाली. सेकंदामागून सेकंद मोजत या संख्येपर्यंत पोचायचं तर त्या लाव्ह्याच्याही कितीतरी मागे, जमिनीवर पहिली अरण्यं वाढत होती तिथून मोजायला सुरुवात करावी लागेल. आणि तरीही ती संख्या पाठ करायला एका श्वासापेक्षा जास्त वेळ लागत नाही. एवढं अफाट काही एवढ्या सोप्या चालीत बसावं याचं मला अजून नवल वाटतं.

या संख्येच्या घराण्याचा पत्ता आमच्या रोजच्या लोकलवाटेवरचा आहे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांना या संख्यांचा अभ्यास करावा असं सुचलं ते त्या वेळच्या जी.आय.पी. रेल्वेवरच्या, मुंबईपासून तीस मैलांवरच्या एका स्टेशनात, आणि त्यांनी त्यांना त्या स्टेशनाचं नाव देऊन टाकलं: डेम्लो संख्या. डेम्लो म्हणजे आजची डोंबिवली. १, १२१, १२३२१, १२३४३२१ अशी जी रांग आहे तिला अद्भुत डेम्लो संख्या म्हणतात, आणि नऊ एकांचा वर्ग हा त्या रांगेतला नववा. १९३९ साली के. आर. गुंजीकर आणि कापरेकर यांचा डेम्लो संख्यांच्या उपपत्तीवरचा लेख मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात छापून आला. मी डोंबिवलीच्या फलाटावर उभी असते तेव्हा चारही बाजूंनी माणसं असतात, डब्याच्या दाराशी कुठला कोपरा मिळेल एवढाच विचार डोक्यात असतो, आणि तरी हल्ली इंडिकेटरवरचे लाल आकडे पाहताना मनात येतं की याच स्टेशनात एक माणूस गाडीची वाट पाहता पाहता आकड्यांच्या मागे लागला होता, आणि त्याला गाडी उशिरा आली तरी चाललं असेल.

कापरेकर देवळालीत शाळामास्तर होते, १९३० पासून १९६२ साली निवृत्त होईपर्यंत. जन्म डहाणूचा, १९०५ चा. आई लहानपणीच गेली, वडील कारकून आणि ज्योतिषाच्या गणिताचा त्यांना नाद. फर्ग्युसन कॉलेजात शिकताना १९२७ साली रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं. पुढे गणितातली मोठी पदवी नाही, विद्यापीठात जागा नाही. स्वतःच्या खर्चाने छापलेल्या छोट्या छोट्या पुस्तिका आणि गणिताच्या परिषदांना न चुकता हजेरी. त्या परिषदांमध्ये त्यांच्या आकड्यांकडे पोरखेळ म्हणून पाहणारे कमी नव्हते. १९७५ च्या मार्चमध्ये मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकन मासिकात त्यांच्याविषयी लिहिलं, तेव्हा जगाला त्यांचं नाव कळलं. ६१७४ या कापरेकर स्थिरांकाची गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली आहे, ती मी इथे सांगत बसत नाही. मला सांगायचंय ते त्या कागदाच्या मागच्या बाजूला सापडलं.

कापरेकरांच्या नावावर आणखी दोन प्रकारच्या संख्या आहेत. एक, हर्षद संख्या: स्वतःच्या आकड्यांच्या बेरजेने जिला पूर्ण भाग जातो ती. दुसरी, खुद्द कापरेकर संख्या: तिचा वर्ग करायचा, वर्गाचे दोन तुकडे करायचे, तुकड्यांची बेरीज पुन्हा मूळ संख्या. ४५ चा वर्ग २०२५. वीस आणि पंचवीस, पंचेचाळीस. आता आमची सतरा आकडी संख्या घ्या. आकड्यांची बेरीज ८१. भाग देऊन पाहिला, १५२४१५७८९९७१०४१, बाकी शून्य. म्हणजे डेम्लो आहे आणि हर्षदही आहे. हे आपोआप होणारं नव्हे. अद्भुत डेम्लोंच्या पहिल्या नवांत हा योग फक्त तिघींना लाभलाय, १, १२३२१ आणि ही. बाकीच्या सहांना आपल्या आकड्यांच्या बेरजेने भाग जात नाही. आता उलट करा, भागण्याऐवजी तिला ८१ ने गुणा. येतात ९९९९९९९९८००००००००१. हा नऊ नवांच्या संख्येचा, ९९९९९९९९९ चा वर्ग. मधोमध तोडला तर ९९९९९९९९८ आणि १, बेरीज नऊ वेळा नऊ. ही कापरेकर संख्या झाली. एका माणसाच्या आयुष्यभरातल्या तीन कल्पना या एका संख्येभोवती, ८१ ने गुणण्या-भागण्याच्या अंतरावर बसलेल्या आहेत. हे दिसलं तेव्हा घरात सगळे झोपले होते. कुणाला तरी उठवून सांगावं असं फार वाटलं.

तो भागाकार, १५२४१५७८९९७१०४१, हा स्वतः एक वर्ग आहे, १२३४५६७९ चा. ही संख्या अनेकांना शाळेपासून माहीत असेल. तिच्यात आठ नाही. तिला नवाने गुणलं की नऊ एक येतात, सत्तावीसने गुणलं की नऊ तीन, त्रेसष्टने गुणलं की नऊ सात. लहानपणी आम्ही एकमेकांना "तुझा आवडता आकडा सांग" म्हणून हा खेळ दाखवायचो आणि समोरच्याचा चेहरा उजळताना पाहायचो. पण तो आठ कुठे गेला, असं मला कुणी विचारलं नव्हतं आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं. मला तो त्या रात्री सापडला, दहा एकांच्या वर्गात.

कारण नवाशी थांबायचं कशाला? दहावी ओळ लिहिली. आता मधल्या रकान्यात दहा एक जमले, आणि दहा एका घरात मावत नाहीत. शून्य लिहून हातचा एक डावीकडे गेला. डावीकडे नऊ होते, ते दहा झाले. पुन्हा शून्य, पुन्हा हातचा एक. त्याच्या डावीकडे आठ होता, तो नऊ झाला आणि तिथे प्रकरण शांत झालं. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. डाव्या बाजूचा आठ नाहीसा. एकाला ८१ ने भागलं की दशांश अपूर्णांक ०.०१२३४५६७९०१२३४५६७९ असा चालू राहतो, तिथेही हेच घडलेलं असतं: एक, दोन, तीन अशी ओळीने मांडणी होत जाते, दहाशी पोचल्यावर हातचा लागतो, नवाचा दहा होतो आणि आठाचा नऊ. आठ कुणी गाळलेला नसतो. पुढून आलेल्या हातच्याने तो नऊ झालेला असतो.

आणि इथे अण्णांचा ताळा मला खऱ्या अर्थाने कळला. दहा एकांच्या वर्गात हातचे लागलेच नसते तर आकड्यांची बेरीज शंभर झाली असती. प्रत्यक्षात ती भरते ८२. अठरा कमी, आणि हातचे लागले होते दोन. हातचा लागतो म्हणजे एका घरातले दहा जातात आणि शेजारच्या घरात एक येतो. दर वेळी आकड्यांच्या बेरजेतून बरोबर नऊ वजा होतात. कितीही हातचे लागोत, बेरीज नवाच्याच पटीत घटणार, नवाने भागून उरणारा शेष हलणार नाही. म्हणून नवाचा ताळा. अण्णांनी आयुष्यभर जे वापरलं त्याचं कारण त्यांना ठाऊक होतं की नाही, मला सांगता येत नाही. त्यांनी कधी सांगितलं नाही. आता विचारायला ते नाहीत, आणि मला ते कारण नेमकं त्या संख्येच्या शेजारी सापडलं जिच्यात हातचा एकदाही लागत नाही.

ही ओढ आजची नाही. इसवी सनाच्या नवव्या शतकात, ८५० च्या सुमारास, महावीराचार्यांनी गणितसारसंग्रह लिहिला. ते राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष नृपतुंगाच्या काळातले, राजधानी मान्यखेट, आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातलं मळखेड. त्याच राष्ट्रकूटांच्या घराण्यातल्या पहिल्या कृष्णराजाच्या काळात वेरूळचं कैलास कोरलं गेलं होतं. महावीराचार्यांना उत्तरं माळेसारखी, दोन्ही टोकांकडून सारखी वाचता येतील अशी, येणारे गुणाकार फार आवडत. २७९९४६८१ ला ४४१ ने गुणा, म्हणतात. येतात १२३४५६५४३२१, आणि ही संख्या ते शब्दांत सांगतात, एकापासून सहापर्यंत चढणारी आणि मग क्रमाने घटणारी. ही आमच्याच रांगेतली सहावी. त्यांच्या यादीत १२३४५६७९ गुणिले ९ सुद्धा आहे. आमचा शाळेतला खेळ साडेअकराशेहून अधिक वर्षं जुना निघाला. मला विशेष भावतं ते हे की त्यांनी फक्त नवल मांडलं नाही. ४४१ हा २१ चा वर्ग, २७९९४६८१ हा ५२९१ चा वर्ग, आणि २१ आणि ५२९१ यांचा गुणाकार ११११११. म्हणजे सहा एकांचा वर्ग त्यांनी दोन वर्गांत फोडून, ओळखू येणार नाही अशा रूपात शिष्यांपुढे ठेवला होता. सोडवणाऱ्याने गुणाकार करत जावं आणि हाताखालून माळ निघावी.

आता हार्डींचं म्हणणं. जी. एच. हार्डी हे विसाव्या शतकातले मोठे गणिती, रामानुजनांना केंब्रिजला बोलावून घेणारे. १९४० च्या आपल्या पुस्तकात त्यांनी अशा आकड्यांच्या गमतींचा निकाल लावलाय. ८७१२ आणि ९८०१ या चारच आकडी संख्या आपल्या उलट्या रूपाच्या पटीत येतात, किंवा १५३ ही आपल्या आकड्यांच्या घनांची बेरीज आहे, या गोष्टी कोड्यांच्या सदराला ठीक, त्यात गणित्याला भुलवील असं काही नाही, असा त्यांचा अभिप्राय. मी तो पहिल्यांदा वाचला तेव्हा कुणीतरी माझ्याच घरच्या माणसाला बोलल्यासारखं लागलं होतं. पण त्यांचा मुद्दा खोटा नाही. हा सगळा डोलारा दहावर उभा आहे, आणि दहा का, तर आपल्याला दहा बोटं आहेत. आठ बोटांच्या प्राण्याने गणित केलं असतं तर त्याला सात एकांचा वर्ग १२३४५६७६५४३२१ असा दिसला असता आणि आमची सतरा आकडी संख्या त्याच्या लिपीत कुणाचं लक्ष जाणार नाही अशी विस्कटलेली असती. संख्या तीच, तिचं रूप मात्र आपल्या बोटांमुळे. जे बोटांवर अवलंबून आहे ते खोल कसं असेल?

हा प्रश्न मी बरेच दिवस वागवला. हार्डी आजारी रामानुजनांना भेटायला ज्या टॅक्सीने गेले तिचा क्रमांक १७२९, हार्डींच्याच आठवणींतला; त्याच्या आकड्यांची बेरीज १९ होते, १९ उलटे केले की ९१, आणि १९ गुणिले ९१ म्हणजे १७२९. हेही केवळ बोटांचंच म्हणावं लागेल, आणि इथे मला हार्डींविरुद्ध काही बोलता येत नाही. पण अद्भुत डेम्लोंच्या बाबतीत बोलता येतं.

दोन फासे टाका. बेरीज दोन येण्याची तऱ्हा एकच, दोन्हीकडे एक. तीन येण्याच्या दोन तऱ्हा. चारच्या तीन, पाचच्या चार, सहाच्या पाच, सातच्या सहा. मग आठच्या पाच, नवाच्या चार, आणि शेवटी बाराची पुन्हा एकच. ओळीने लिहा: १, २, ३, ४, ५, ६, ५, ४, ३, २, १. ही महावीराचार्यांची माळ आहे, सहा एकांचा वर्ग. आणि हा योगायोग नाही. सहा एकांना सहा एकांनी गुणताना आपण पहिल्या संख्येतलं एक घर आणि दुसऱ्या संख्येतलं एक घर घेतो, आणि त्यांचा गुणाकार त्या दोन घरांच्या स्थानांच्या बेरजेवर जाऊन बसतो. फासे टाकतानाही हेच करतो. फाशांवरच्या बेरजा किती तऱ्हांनी येतात हे दहावर अवलंबून नाही, बोटांवर नाही, लिपीवर नाही. एक ते नऊ आकड्यांच्या चिठ्ठ्या दोन डब्यांत ठेवून एकेक काढली तर जोड्या होतात ८१, आणि त्यांच्या बेरजा एक, दोन, तीन करत नऊ तऱ्हांपर्यंत चढतात आणि उतरतात. आमच्या संख्येच्या आकड्यांची बेरीज ८१ का, याचं उत्तर हे. ही चढ-उतार कुठल्याही जगात खरी आहे. दशमान पद्धतीने एवढंच केलं की तिला मावेल इतकी जागा दिली, आणि एकही हातचा न लागता ती जशी आहे तशी दिसू दिली. हार्डींना जे नको होतं ते बोटांचं नवल. इथे बोटांच्या आतून दुसरंच काही डोकावत होतं, आणि ते पोरखेळ म्हणून सोडून द्यायला माझं मन तयार नाही.

भाचीला हे सगळं सांगितलं. कागद दाखवला, तिने स्वतः रकाने मोजले, आणि मैत्रिणीला फोन लावला. पुढचं मी एकटीच करत राहिले.

मूळ संख्येचे अवयव पाडले. ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग आणि ३३३६६७ चा वर्ग. तीन सदतीस म्हणजे १११ हे शाळेत माहीत होतं. ३३३६६७ ला तिनाने गुणलं की १००१००१ येतात, आणि १११ ला १००१००१ ने गुणलं की नऊ एक. किती सुबक बसतं सगळं! या अवयवांवरून संख्येचे विभाजक मोजले तर ४५ भरतात, एक ते नवाच्या बेरजेइतकेच. याला काही कारण असेल असं मला वाटत नाही, पण मोजून झाल्यावर मी तो आकडा दोनदा गिरवला. मग वाटलं, नऊ हे टोक का मानायचं. हातचा लागू न देता दहा सरळ मध्ये लिहून बघावेत. १२३४५६७८९१०९८७६५४३२१. वीस आकडे. दिसायला बहीणच, पण हिला काहीही लागू होत नाही. ना कुणाचा वर्ग, ना हर्षद. ही अविभाज्य संख्या आहे. एक आणि ती स्वतः यांखेरीज कुणानेही तिला भाग जात नाही. पहिलीचे पंचेचाळीस विभाजक आणि हिचे दोन. पहिली तशी का, हे मी पेन्सिलीने कागदावर दाखवू शकते. ही अशी का, याचं त्या तऱ्हेचं कारण माझ्याकडे नाही. संगणकाने तपासलेलं आहे, मी ते मान्य करते. दोन्ही गोष्टी तितक्याच खऱ्या आहेत, पण माझ्या मनात त्यांची जागा एक नाही, आणि मला पहिली अधिक जवळची आहे हे मी लपवत नाही.

अकरापर्यंत नेली, १२३४५६७८९१०१११०९८७६५४३२१. हिचा भागाकार हाताने केला, चोवीस आकडे, आणि सातने पूर्ण भाग गेला. बारापर्यंत नेल्यावर भागाकाराचीही गरज पडली नाही. आकड्यांची बेरीज ९९, ताळ्यातच कळलं की नवाने जाते. तेरापर्यंतच्या संख्येची बेरीज १०६ येते, म्हणजे तीन आणि नऊ दोन्ही बाद. सात, अकरा आणि तेरा तपासायचे आहेत, आणि चौकटीचा कागद आता आडवा धरावा लागणार आहे.